शिवणाऱ्यांच्या घरी एकाहून अधिक मशिनी का असतात?

टीपरेषा (धागाकर्ती, मानेवाडा, नागपूर)

आमच्या घरात सध्या चार शिलाई मशिनी आहेत आणि पाहुणे आले की "एवढ्या कशाला?" हा प्रश्न ठरलेला असतो. चेष्टेचा भाग सोडला तरी प्रश्न रास्त आहे, कारण एक चांगली मशीन नीट राखली तर पिढीभर चालते आणि एका माणसाला एका वेळी एकाच मशीनवर बसता येते. मी गोधड्या आणि तुकडेजोडीचे क्विल्ट शिवते, लग्नसराईत ओळखीतल्यांचे ब्लाउजही घेते. शिवणकाम करणाऱ्या इतर मैत्रिणींकडे विचारले तेव्हा असे दिसले की सातत्याने शिवणाऱ्या कोणाकडेच फक्त एकच मशीन नाही. म्हणून हा धागा काढला आहे.

माझे मत आधी मांडते. लोकांना वाटते की वेगवेगळ्या मशिनी वेगवेगळे टाके घालण्यासाठी असतात. ते अर्धेच खरे आहे. माझ्या अनुभवात खरे कारण असे आहे की एखाद्या कामासाठी मशीन एकदा व्यवस्थित लागली की ती हलवू नये असे वाटते. "लागणे" यात सुई, वरचा दोरा, बॉबिनचा (खालच्या लहान रिळाचा) दोरा, दोन्हींचा ताण, टाक्याची लांबी आणि कापड दाबून धरणारे फूट इतक्या गोष्टी येतात. क्विल्टचे तुकडे जोडताना मी ११ नंबरची सुई, बारीक सुती दोरा आणि दोन-अडीच मिलिमीटरचा टाका वापरते आणि शिवण काठापासून नेमकी पाव इंचावर ठेवते. हा नेमकेपणा हौसेचा नाही. एका ओळीत २० तुकडे असतील आणि प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून अर्धा-अर्धा मिलिमीटर जास्त खाऊ लागली, तर १९ शिवणींमध्ये ती ओळ जवळजवळ दोन सेंटिमीटरने आखूड होते आणि शेजारच्या ओळीचे जोड तिच्याशी जुळत नाहीत. अशी लागलेली मशीन मध्येच कोणाच्या ब्लाउजच्या पाइपिंगसाठी मोडायची, नंतर पुन्हा पहिल्यासारखी लावायची आणि पाव इंच तोच आहे का ते चिंधीवर तपासत बसायचे, यात अर्धी सकाळ जाते. दुसरी मशीन घेतली ती या त्रासावर उपाय म्हणून.

इतरांची कारणे वाचायला आवडतील. विरोधी मतही चालेल.

धंतोलीकर

ताई, विरोधी मत मागितलेच आहे म्हणून लिहितो. माझ्या आईने एकाच काळ्या पायमशीनवर परकर, झबली, आमचे शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या असे सगळे शिवले. सुई बदलायची असेल तर ती बदलत असे आणि दोरा बदलायचा असेल तर दोरा. त्यासाठी दुसरे यंत्र विकत घ्यावे असे तिच्या मनातही आले नाही. मला असे वाटते की यातली निम्मी गरज दुकानदारांनी आणि व्हिडिओंनी निर्माण केलेली आहे.

गांधीजींचे सेवाग्राम आपल्या नागपूरपासून जवळ आहे म्हणून आठवले. यंत्रांविषयी एवढी कठोर भूमिका असलेल्या गांधीजींनी १९२४ मधल्या एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पण तो अपवाद एका यंत्राचा होता, चारांचा नव्हे!

रीळबॉबिन

भाऊ, गांधीजींनी त्या अपवादाचे जे कारण दिले तेही सांगायला हवे होते. सिंगरने बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी ते यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. तोच न्याय लावला तर ब्लाउजच्या आतल्या सगळ्या कडा हाताने गुंफत बसण्याचे कष्ट वाचवणारी ओव्हरलॉक मशीनही त्या अपवादात बसायला हरकत नाही.

तुमच्या आईंच्या काळाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. तेव्हा घरात शिवायचे कापड बहुतेक विणलेले सुती असे, म्हणजे पोपलिन, लट्ठा, मांजरपाट, लुगडे. त्याच्या कडा दुमडून दुहेरी शिवण घातली की आतून धागे निघत नसत. आता माझ्याकडे येणाऱ्या कामात लेगिंग, टी-शर्ट आणि मुलांचे ताणले जाणारे कपडे बरेच असतात. अशा कापडाला साधी सरळ टीप घातली की कापड ताणले जाते, दोरा ताणला जात नाही आणि टीप तुटते. त्याला ओव्हरलॉकचा टाका लागतो आणि खालच्या दुमडीला फ्लॅटलॉक लागते, जिच्यात वरून दोन समांतर टिपा आणि खालून जाळीसारखी गुंफण येते. ती गुंफण कापडाबरोबर ताणली जाते. काळ्या मशीनवर कितीही कौशल्य असले तरी हे होणार नाही, कारण तिच्यात त्यासाठीचे भागच नाहीत.

शिवाय साडीचा फॉल-पिको हा आपल्याकडचा बारमाही व्यवसाय आहे. गल्लीतली जी ताई फॉल-पिको करते तिची पिकोची मशीन दिवसभर पिकोवरच असते आणि ब्लाउज शिवायची मशीन शेजारी वेगळी असते. तिला कोणी विचारत नाही की दोन कशाला. क्विल्ट करणारीला मात्र विचारतात, कारण तिचे काम हौसेचे समजले जाते.

टीपरेषा (धागाकर्ती)

शेवटचे वाक्य अगदी बरोबर आहे. एखाद्या टेलरच्या दुकानात गेले तर एका मशीनवर फक्त शर्टाची शिलाई, एका मशीनवर काजे, कोपऱ्यात ओव्हरलॉक अशी व्यवस्था आपण लहानपणापासून पाहतो. आम्ही घरी तेच करतो, फक्त चारही मशिनींवर बसणारा माणूस एकच असतो.

मिस्त्री_महाल

मी मशिनी दुरुस्त करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूने थोडे विस्ताराने लिहितो. ज्यांना तांत्रिक भाग नको असेल त्यांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

साध्या शिलाईत सुई दोरा घेऊन खाली जाते, तळाशी पोहोचून किंचित वर सरकते आणि त्याच क्षणी सुईच्या मागे दोऱ्याचा एक लहानसा फास तयार होतो. शटल म्हणजे बॉबिनभोवती फिरणारा भाग. त्याचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते, मग वरचा दांडा दोरा ओढून घेतो आणि वरच्या-खालच्या दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीच्या मध्यावर बसते. हे सगळे प्रत्येक टाक्याला घडते आणि शटलचे टोक सुईला न लागता पण अगदी तिच्या जवळून जावे लागते. एवढ्या बारीक अंतरावर सगळा खेळ असल्यामुळे मशीन ज्या कामासाठी बनवली असेल त्या कामात ती सर्वांत चांगली असते, आणि तिच्यात जितक्या सोयी वाढवाल तितकी कुठेतरी तडजोड करावी लागते.

उदाहरणार्थ, फक्त सरळ टीप घालणाऱ्या मशीनमध्ये सुई नेहमी एकाच जागी पडते. त्यामुळे सुईखालच्या प्लेटला सुईपुरते लहान गोल छिद्र पुरते, सुईच्या चारही बाजूंनी कापडाला आधार मिळतो, आणि शटलची वेळ त्या एका जागेसाठी अचूक बसवता येते. झिगझॅग मशीनमध्ये सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलतो. त्यासाठी प्लेटला आडवी खाच ठेवावी लागते, आणि शटलची वेळ अशी जुळवावी लागते की डावीकडच्या टाक्याचा फासही सापडावा आणि उजवीकडच्या टाक्याचाही. झुलणाऱ्या दांड्याला थोडी ढिलाई आली की सरळ टीपसुद्धा किंचित नागमोडी दिसू लागते. मलमल, जॉर्जेट किंवा क्विल्टमधल्या त्रिकोणी तुकड्याचे निमुळते टोक त्या आडव्या खाचेत ओढले जाते आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. लोक मशीन बिघडली म्हणून घेऊन येतात. मशीन बिघडलेली नसते. चांगल्या झिगझॅग मशिनींना सरळ टिपेची वेगळी प्लेट मिळते, पण ती बसवलेली असताना झिगझॅगचा खटका फिरवला तर सुई प्लेटवर आपटून तुटते. म्हणून दोन्ही कामे रोज करणाऱ्याने दोन मशिनी ठेवाव्यात, असे मी सांगतो.

ओव्हरलॉकमध्ये बॉबिनच नसते. तिथे लूपर असतात, जे सुईच्या दोऱ्याभोवती आपापले दोरे गुंफतात, आणि शिवण पडण्याच्या आधी पाते कापडाची कड कापत जाते. म्हणून ती कापडाच्या मधोमध शिवू शकत नाही, चेन बसवू शकत नाही, खिसा लावू शकत नाही. तीन दोऱ्यांची असो की पाच दोऱ्यांची, ती कडेवरच चालते. ओव्हरलॉक असलेल्या घरात साधी मशीन असावीच लागते.

राहिला इंडस्ट्रियल मशीनचा विषय. कारखान्यांत सर्रास दिसणारी जुकी कंपनीची डीडीएल-८७०० घेतली तर तिचा कमाल वेग मिनिटाला ५,५०० टाके आहे, तर घरगुती मशीन साधारण ६०० ते १,००० टाक्यांच्या आसपास असते. वेगापेक्षा तिचा खरा फायदा असा की ती सरळ टिपेसाठीच बांधलेली असते, टेबलात बसवलेली असते, गुडघ्याने फूट उचलता येते आणि दोन्ही हात कापडावर राहतात. तोटा असा की ती फक्त तेवढेच करते आणि तिला कायमची जागा लागते. सुया लक्षात ठेवा: घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते, तर इंडस्ट्रियल मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो. एकीची सुई दुसरीला चालत नाही, त्यामुळे दोन्ही मशिनी असतील तर सुयांचे डबे वेगळे ठेवावेत.

चिंध्यांची_पिशवी

मिस्त्री काका, इतके स्वच्छ स्पष्टीकरण शिकवणीतही मिळाले नव्हते. धन्यवाद जी!

सदरकर

क्विल्टच्या बाबतीत एक स्वतंत्र अडचण आहे आणि ती जागेची आहे. इथे घरातली जागा अभिप्रेत नाही. सुई आणि मशीनचा उजवा खांब यांच्यामधली जागा म्हणतेय. साध्या घरगुती मशीनमध्ये हा गाळा साधारण साडेसहा-सात इंचांचा असतो. तुकडे जोडताना तो पुरेसा आहे, कारण हातात जोडलेल्या तुकड्यांचे लहान ठोकळे असतात. पण वरचा जोडलेला पदर, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र करून त्यावर टिपा घालायच्या म्हटल्या की गोष्ट बदलते. दुहेरी पलंगाचा क्विल्ट ९० इंच रुंद धरला तर मध्यावर टीप घालताना ४५ इंचांची गुंडाळी त्या सात इंचांत कोंबावी लागते, आणि ती गुंडाळी हातांनी सरकवताना सुईवर ताण येऊन टाके लहानमोठे पडतात.

दुसरे असे की मशीनचे दाते फक्त खालचा थर पुढे ओढतात आणि फूट वरच्या थराला घासून अडवते. त्यामुळे वरचे कापड मागे राहते व चुण्या पडतात. त्यावर वॉकिंग फूट मिळते, जे वरूनही थर सरकवते. पण नक्षीदार फिरत्या टिपा घालायच्या असतील तर दाते खाली करून, कापड हाताने फिरवावे लागते आणि वेगळे फूट लावावे लागते. माझ्या जुन्या मशीनमध्ये दाते खाली होतच नव्हते. या एका कारणासाठी मी रुंद गाळ्याची मशीन घेतली आणि तुकडेजोडीसाठी जुनी ठेवली.

परदेशात यासाठी लाँगआर्म मशिनी आहेत, ज्यांत कापड चौकटीवर ताणून ठेवतात आणि मशीनच त्यावरून फिरवतात. चौकट दहा-बारा फुटांची असते. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती ठेवायची तर दिवाण बाहेर काढावा लागेल, त्यामुळे तो विचार मी सोडून दिला.

वाकळ

मी हाताने गोधड्या शिवते, म्हणजे जुनी लुगडी-साड्या एकावर एक अंथरून, कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत-आत जात. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रियाही त्यांच्या गोधड्या अशाच, हाताने, कडेकडून मध्याकडे शिवतात. या पद्धतीत गाळ्याचा प्रश्न येत नाही, दात्यांचा येत नाही, विजेचा येत नाही, आणि सहा-सात पदर असले तरी सुई जाते. मशीनवर शिवलेल्या गोधडीला तो मऊपणा येत नाही असे माझे ठाम मत आहे, कारण हाताच्या टाक्यांमध्ये कापडाला थोडी हालचाल राहते.

असे असूनही माझ्याकडे दोन मशिनी आहेत, हे इथे सांगायलाच हवे. एकीवर मी ठिगळांचे पट्टे जोडते, कारण ते काम हाताने करण्यात काही अर्थ नाही. दुसरी जाड कामाची आहे, जिला बाजारात अंब्रेला मशीन म्हणतात. तिच्यावर कॅनव्हासच्या पिशव्या आणि गोधडीच्या चारही कडांचा जाड गोट शिवते. आधी हे सगळे एकाच मशीनवर केले जाई, तेव्हा १८ नंबरची सुई आणि घट्ट ताण ठेवून झाल्यावर पुन्हा बारीक कापडावर टीप नीट बसेपर्यंत पुष्कळ चिंध्या वाया जात.

धंतोलीकर

मिस्त्री काकांचा आणि सदरकरताईंचा मुद्दा पटला. ओव्हरलॉक वेगळी हवी, हेही मान्य. तरीही टीपरेषाताईंच्या मूळ मुद्द्याबद्दल माझा आक्षेप शिल्लक आहे. केवळ ताण आणि सुई बदलायला नको म्हणून सारख्याच क्षमतेची दुसरी मशीन घेणे हा महागडा उपाय नाही का? कामांचा क्रम नीट लावला, म्हणजे आठवडाभर सगळी तुकडेजोड आणि मग सगळे ब्लाउज, तर एकीवर भागू शकते.

मिस्त्री_महाल

भाऊंचे म्हणणे चुकीचे नाही आणि मी ग्राहकांना आधी तेच सुचवतो. दुसऱ्या मशीनच्या आधी दुसरी बॉबिन केस, म्हणजे बॉबिन जिच्यात बसते ती डबी, घ्या. ज्या मशिनींची केस बाहेर निघते त्यांत एका केसचा स्क्रू नेहमीच्या दोऱ्यासाठी लावून ठेवावा आणि दुसरीचा जाड दोऱ्यासाठी. ताण बरोबर आहे का ते पाहायचे असेल तर बॉबिन भरलेली केस दोऱ्याने लोंबकळत धरावी. ती आपोआप घसरता कामा नये, पण हाताला हलका झटका दिला की थोडी खाली यावी. दोन केसवर नेलपॉलिशचा वेगवेगळा ठिपका द्यावा म्हणजे गल्लत होत नाही. खर्च किरकोळ आहे.

मात्र क्रम लावून भागते ते घरच्या कामात. ज्याच्याकडे लोकांचे काम येते त्याचा क्रम लोक ठरवतात.

टीपरेषा (धागाकर्ती)

मिस्त्री काकांच्या शेवटच्या वाक्यात माझे उत्तर आले. लग्नघरातली बाई "उद्या सकाळी हळद आहे" म्हणत ब्लाउज घेऊन येते तेव्हा माझी तुकडेजोड संपायची वाट पाहू शकत नाही.

दोन बॉबिन केसचा उपाय मीही वापरते, पण त्याने खालचा ताण सुटतो, वरचा नाही. पाव इंचाची खूण म्हणून मी प्लेटवर चुंबकी पट्टी लावलेली आहे, तीही काढावी लागते. शिवाय सुई, दोऱ्याचा रंग, फूट. प्रत्येक बदल लहान असतो आणि म्हणूनच आपण तो हिशेबात धरत नाही. मी तुमच्या "महागडा" या शब्दाशी मात्र असहमत आहे. माझी तुकडेजोडीची मशीन ही सेकंडहँड काळी पायमशीन आहे, जिची किंमत एका बऱ्या पैठणीपेक्षा कमी होती. महाग आहेत त्या संगणकीय भरतकामाच्या मशिनी.

काजेबटण

भरतकामाच्या मशीनचा विषय निघाला म्हणून. माझ्याकडे एक सुईची संगणकीय भरतकाम मशीन आहे. २०,००० टाक्यांचे नक्षीकाम मिनिटाला ६०० टाक्यांनी घातले तर निव्वळ चालण्याचा वेळ ३३ मिनिटे होतो, आणि प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलायचा वेळ वेगळा. या पूर्ण काळात ती मशीन अडकलेली असते आणि मी मोकळी असते. अशा वेळी शेजारी साधी मशीन असली तर कुर्त्याची बाकी शिलाई होते. माझ्यापुरते दुसऱ्या मशीनचे कारण एवढेच आहे.

एक इशारा. उन्हाळ्यात दुपारी कूलर सुरू झाले की आमच्या भागात व्होल्टेज खालीवर होते. संगणकीय मशीन स्टॅबिलायझरशिवाय लावू नये. तिचा सर्किट बोर्ड गेला की गल्लीतला कारागीर काही करू शकत नाही आणि बोर्ड मिळेपर्यंत मशीन पडून राहते. माझी अशी पडून राहिली होती, तेव्हा सगळ्या ऑर्डरी सासूबाईंच्या पायमशीनवर पूर्ण केल्या. पायमशीन घरातून काढू नका असे मी सर्वांना सांगते. तिला वीज लागत नाही आणि टाका एकेक करून पुढे नेता येतो, त्यामुळे कोपरा वळवायला ती उत्तम आहे.

रीळबॉबिन

पायमशीन न काढण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याचा उपयोगितेशी संबंध नाही. ती आईची किंवा आजीची असते. विकायला गेले तर भंगाराच्या भावाच्या आसपास पैसे येतात, आणि आजकाल तिचे बिडाचे पाय काढून कॅफेवाले त्यावर काच टाकून टेबल करतात. ते पाहवत नाही. माझ्याकडच्या तीनपैकी एक अशी आहे. नव्या मशिनी घेतल्या जातात आणि जुनी जात नाही, एवढ्यानेही संख्या वाढते. यात गरज किती आणि माया किती हे वेगळे करून सांगता येणार नाही.

सरकारी योजनांतूनही काही घरांत दुसरी मशीन आलेली आहे. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. आमच्याकडे शिकून गेलेल्या काहींनी त्यातून मोटारची मशीन घेतली आणि आधीची पायमशीन मुलीला शिकायला दिली.

सदरकर

आणि खरेच हौसेने घेतलेल्या मशिनीही असतात, हे आपण लपवू नये. अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्यांमध्ये सिंगरच्या फेदरवेट २२१ या मॉडेलचे फार वेड आहे. १९३३ मध्ये आलेली ही मशीन, वजन साधारण पाच किलो, फक्त सरळ टीप घालणारी आणि पेटीत बसणारी. वर्गाला नेण्यासाठी ती सोयीची आहे हे खरे, पण अनेक जणी एक असताना दुसरी, तिसरी घेतात ते तिच्या देखणेपणासाठी. माझ्या बहिणीने तिकडून एक आणली. ती ११० व्होल्टची असल्यामुळे इथे ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय चालवता येत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरचे वजन धरले की तिच्या हलकेपणातला बराच अर्थ निघून जातो! वर्गाला नेण्यासाठी आपल्याकडची प्लॅस्टिक अंगाची लहान मोटारची मशीन पुरते. फक्त तिच्यावर जीन्स शिवू नये.

मिस्त्री_महाल

हौसेच्या मशिनींबद्दल एक विनंती आहे. न वापरलेली मशीन वापरलेल्या मशीनपेक्षा लवकर बिघडते. आपल्या उन्हाळ्यात आतले जुने तेल घट्ट होऊन चिकट थर बसतो आणि पावसाळ्यात उघड्या लोखंडावर गंज धरतो. माझ्याकडे "चाकच फिरत नाही" म्हणून येणाऱ्या बहुतेक मशिनी कपाटावरून काढलेल्या असतात. दर महिन्याला दोन थेंब तेल, थोडा वेळ दोऱ्याशिवाय चालवणे आणि शटलमधला कापूस ब्रशने काढणे, एवढे पुरे आहे. क्विल्ट करणाऱ्यांनी कापूस तर प्रत्येक बॉबिन बदलताना काढावा, कारण मधल्या थराचे तंतू फार सुटतात. खोबरेल किंवा खाण्याचे तेल कधीही घालू नये. ज्यांना हे सांभाळणे जमत नाही त्यांच्यासाठी धंतोलीकरभाऊंचे "एक पुरे" हेच खरे.

नवशिकी_हिंगणा

सर्व ताई आणि काका, मी नुकतीच शिवण शिकले आहे आणि आईची पायमशीन वापरते. ब्लाउज आणि कुर्ते शिवायचे आहेत, जमल्यास क्विल्टही. दुसरी मशीन घ्यायची तर कोणती घ्यावी?

टीपरेषा (धागाकर्ती)

लगेच घेऊ नका. काही महिने पायमशीनवरच शिवा आणि कोणत्या कामासाठी सारखा दोरा-सुई काढावी लागते किंवा कोणते काम हाताने करावे लागते ते वहीत लिहून ठेवा. वहीत जे काम वारंवार येईल त्याची मशीन घ्या. ब्लाउज-कुर्त्यांमध्ये बहुधा कडा गुंफण्याचे काम सर्वांत जास्त निघेल, म्हणजे ओव्हरलॉक.

रीळबॉबिन

माझे मत वेगळे आहे. आधी झिगझॅग घ्यावी. तिच्यावर कडाही सांभाळता येतात, काजेही होतात, पिकोही करता येतो. ओव्हरलॉकइतकी सफाई येणार नाही, पण एकाच खर्चात तीन कामे सुरू होतात आणि पिकोच्या पैशांतून पुढची मशीन निघते.

मिस्त्री_महाल

दोघी बरोबर आहेत. लोकांचे काम घेणार असाल तर झिगझॅग आधी, घरचेच शिवणार असाल तर ओव्हरलॉक आधी.

कोणतीही घेतलीत तरी दुकानात चालवून पाहताना दुकानदाराच्या कडक कापडावर पाहू नका, त्यावर प्रत्येक मशीन चांगली चालते. घरून मलमलीचा तुकडा, चार घड्या पोपलिन आणि जुन्या टी-शर्टचा तुकडा न्या. तिन्हींवर ताण न बदलता टीप घालून खालची बाजू बघा, आणि चाक हाताने फिरवताना कुठे अडते का ते पाहा. सेकंडहँड ओव्हरलॉक असेल तर पात्याची धार आणि लूपरचे टोक बोटाने तपासा, टोकाला खाच पडली असेल तर दोरा तुटत राहील. लुधियानाच्या बनावटीच्या मशिनींचे पाते, लूपर आणि दाते इतवारीच्या बाजारात सहज मिळतात. बाहेरून मागवलेल्या मॉडेलचे सुटे भाग इथे मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.